मुक्याने वाजणारी गिटार

मंडळी, या वयात मी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिते आहे, हसू नका!

झालं असं, की जूनमध्ये नातू पुण्याहून महिनाभर राहायला आला. ऑफिसचं काम घरूनच होतं. महाबळेश्वरचा पाऊस, धुकं आणि आजीच्या हातचं जेवण, असा त्याचा बेत. सोबत गिटार आणि एक जड पेटी. पेटीच्या मागे जाळीतून काचेचे दिवे दिसले आणि मला एकदम आमचा जुना रेडिओ आठवला. "अरे, हे तर व्हॉल्व्ह!" लहानपणी बटण फिरवून व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही वाट बघायचो, मग हळूहळू पुणे केंद्र बोलू लागायचं.

त्याने पहिला झणत्कार केला आणि मांडणीवरची भांडी वाजली. शेजारचे आजोबा ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले. मी म्हटलं, "आवाज कमी कर बाबा."

"आजी, कमी केला की गोडवा जातो."

त्याचं म्हणणं असं, की व्हॉल्व्हवर ताण आला की सूर थोडा फाटतो, जाडसर होतो, आणि तोच फाटका सूर गिटारवाल्यांना हवा असतो. क्वीनचा ब्रायन मे व्हॉक्स एसी-३० नावाचा ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात ठेवूनच वाजवतो म्हणे. (त्याच क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी इथे जवळच, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. १९५८ साली तिथल्या मुलांबरोबर त्याने वाद्यवृंदही काढला होता. हे मी नातवाला ऐटीत सांगितलं, त्याला अर्थातच माहीत होतं!) बरं, ३० वॅटचे ३ वॅट केले, तरी कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो. म्हणजे भांडी वाजणारच.

आठवड्याने कुरिअरने एक डबा आला. डमी लोड. स्पीकरची तार काढून या डब्यात घालायची. अ‍ॅम्प्लिफायरला वाटतं स्पीकर जोडलाय, तो जीव तोडून वाजतो आणि डबा ती सगळी वीज उष्णता करून जिरवतो. थोडासा सूर बाजूला काढून कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथे स्पीकरच्या खोक्याची नक्कल होते आणि हेडफोनमध्ये ऐकू येतं. घरात फक्त तारांची टिकटिक. मी कौतुकाने डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला, रेडिओवर घालायचो तसा. त्याने तो लगेच काढला. "आजी, हा तापतो, याला वारा लागतो."

मग एक दिवस मी घोळ घातला. पावसाळ्यात इथे सगळ्यावर बुरशी धरते, म्हणून पुसायला गेले आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची एक तार उपसली. तो चालू होता.

"आजी! हात लावू नकोस!"

असा तो माझ्यावर कधीच ओरडला नव्हता. त्याने धावत येऊन बटण बंद केलं. नशीब, त्या क्षणी तो वाजवत नव्हता. मग शांत होऊन त्याने समजावलं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला ओझं लागतंच. ८ ओहमच्या जागी ८ ओहमचं, आणि डब्याची ताकद अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जास्त. ओझं नसताना जोरात वाजवलं, तर आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब चढतो, ठिणगी पडते आणि तो जळू शकतो. मला मोटेचे बैल आठवले. भरल्या मोटेची दोरी मध्येच तुटली, की बैल तोंडावर पडायचे.

त्या रात्री झोप लागली नाही. त्याचा बाबा दहावीला असताना त्याची गिटार मी माळ्यावर टाकली होती. "परीक्षेनंतर बघू," म्हटलं. परीक्षा झाली, त्याने मागितली नाही आणि मीही दिली नाही. मुलगा शहाणा झाला, असं तेव्हा शाळेत सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं मी. त्याच्या आतला तो जोर पुढे कुठे गेला असेल, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

परवा शेजारच्या आजोबांनीच विचारलं, "पोरगं वाजवायचं थांबलं का हो?" मी नातवाला सांगितलं. रविवारी चार वाजता त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, डबा काढून स्पीकर जोडला आणि मग पुन्हा चालू केला. दहाच मिनिटं वाजवलं. भांडी वाजली, वाजू दिली. मी त्याच्या बाबाला फोन लावून मोबाईल स्पीकरसमोर धरला.

वाजवणं थांबलं तरी पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "आई, माझी ती गिटार अजून आहे का गं?"

आहे. माळ्यावरच आहे. तारा तेवढ्या गंजल्यात. नातू म्हणतो, त्या नव्या घालता येतात.