हलका माल

वजनावर माझा फार विश्वास होता. वीट हातात घेतली की आधी जोखायची, मग दोन विटा एकमेकींवर वाजवून बघायच्या, ही सवय मला वडिलांकडून आली आणि त्यांना त्यांच्या उस्तादाकडून. वडूज भागात बांधकामाचे ठेके घेणाऱ्या माणसाला घरमालक पहिल्यांदा विचारतो ते सळई किती आणि सिमेंटच्या गोण्या किती. हाताला जड लागेल तेच टिकेल, यावर मालक, गवंडी आणि ठेकेदार या तिघांचं एकमत. त्यामुळे पोकळ मण्यांचं सिमेंट, फुगवलेल्या दगडाचा गिलावा, राखेतल्या तरंगत्या कणांचं काँक्रीट असलं काही कोणी सुचवलं की मी हसून विषय बदलायचो. हवा विकून पैसे घ्यायचा धंदा, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

ते मत आता राहिलेलं नाही. पूर्ण उलटंही झालेलं नाही. कुठं बदललं आणि कुठं तसंच राहिलं, तेवढं सांगतो.

आधी हा माल काय असतो ते. औष्णिक वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. चौदाशे अंशांच्या आसपास त्यातली माती-गाळ वितळून थेंब होतात, काही थेंबांत वायू अडकून ते फुगतात आणि धुराबरोबर वर जाताजाता झटकन थिजतात. तयार होतो तो एक पोकळ मणी. बहुतेक मणी वीस ते तीनशे मायक्रॉनचे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या अलीकडचे-पलीकडचे. कवच काही मायक्रॉनचं, आत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. राख पाण्यातून तळ्यात सोडली की बाकीची बुडते आणि हे मणी पांढुरक्या सायीसारखे वर येतात. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. राखेत त्यांचा वाटा फार तर शेकडा एक-दीड. काचेचे असे मणी कारखान्यात मुद्दाम बनवतात. आणि पर्लाइट नावाचा ज्वालामुखीचा काचदगड साडेआठशे-नऊशे अंशांना तापवला की त्याच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन तो लाहीसारखा फुलतो, मूळ आकाराच्या चार ते वीस पट.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो आमच्या तात्यांनी. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, गलाईवाले. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. तात्यांचं दुकान कोइमतूरला. या धंद्याच्या पैशातून आमच्या गावोगावी स्लॅबचे बंगले उभे राहिले. त्यातले बरेचसे दिवाळी-जत्रेपुरते उघडतात, पण मे महिन्याच्या सुट्टीत आलेलं कुटुंब वरच्या मजल्यावर झोपू शकत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली ऊन ओततो. पंखा लावला तर तेच गरम वारं फिरतं.

तात्या एकदा साइटवर बसले होते. मी नेहमीप्रमाणे हलक्या ब्लॉकची टिंगल करत होतो. ते म्हणाले, “तू इटंच्या वजनावर जाऊ नगस. आमच्या भट्टीत मुशीला लागून घट्ट वीट आसती, अन् तिच्या मागं हलकी, भोकाभोकाची. ती मागची नसली तर इंधन दुप्पट जातंय, अन् दुकानात माणूस उभा ऱ्हात न्हाई.”

“मग घरावर का नाही घातलीत तात्या?”

“घर तूच बांधलंस की रं.”

सोनं १,०६४ अंशांना वितळतं. त्या आगीपासून माणसाला वाचवायचं काम भोकाभोकाची वीट करत असेल, तर स्लॅबवरच्या साठ-सत्तर अंशांना ती का पुरणार नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग गणिताला बसलो.

गणित अवघड नाही, आमच्यासारखे ते करत नाहीत एवढंच. थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या मालाच्या उष्णतावहनांकानं भागायची. येतो तो त्याचा उष्णतारोध. काँक्रीटचा वहनांक दीडच्या थोडा वर. पाच इंची स्लॅबचा रोध भरतो जेमतेम ०.०८. वर-खाली चिकटून असलेल्या हवेचे साधारण ०.२ धरले तरी छतातून दर चौरस मीटरला, दर अंशामागे साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता खाली येते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त घराच्या छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. म्हणजे आमच्या तालुक्यात मी आणि माझ्यासारख्यांनी टाकलेला नुसता स्लॅब मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत घेतो.

पुढचा आकडा मला जास्त लागला. आमची जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या नाहीतर किलचं, वर पाला आणि त्यावर फूटभर पांढरी माती. अशा दाबलेल्या मातीचा वहनांक अर्ध्याच्या जवळपास धरतात. फूटभर मातीचा रोध पावणेसहा दशांश, म्हणजे ०.५७ च्या पुढे. खालच्या लाकडाचा मिळवला की माळवद २०१८ ची संहिता सहज पास होतं. जी छतं “गळतात, ढेकूण होतात, उंदीर पोखरतात” म्हणून आम्ही उकरून ट्रॉलीनं ओढ्याला टाकली, ती या एका परीक्षेत आमच्या स्लॅबच्या कितीतरी पुढे होती.

मग काय, परत माळवद? काही दिवस मी तसा विचार करत होतो, खोटं कशाला सांगू. जुन्याचं कौतुक करायला आवडतं माणसाला. पण दुसरा आकडा मांडला आणि थांबलो. मातीचं वजन घनमीटरला सोळाशे किलोच्या घरात. फूटभर थर म्हणजे चौरस फुटाला पंचेचाळीस किलो, आणि दहा बाय बाराच्या खोलीच्या डोक्यावर पाच टनांहून जास्त. दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला आणखी पाटी-पाटी माती पडते, ती वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि वरची ही माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमचा सातारा जिल्हा तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप बघितलेला. डोक्यावर वजन ठेवायचं नाही, हे या मुलखात वेगळं शिकवायला नको होतं. तरी मी जन्मभर वजनाचीच बाजू घेत आलो होतो.

इथं पोकळ मण्यांचं खरं काम माझ्या लक्षात आलं. उष्णता अडवते ती कोंडलेली, न हलणारी हवा. मातीतही तीच अडवते, कणांच्या फटींमधली. माती त्या थोड्या हवेसाठी पाच टनांचं ओझं देते. फुगवलेलं पर्लाइट किंवा तसले पोकळ कण सिमेंटमध्ये बांधून घनमीटरला पाचशे किलोच्या आसपासचा थर केला, तर त्याचा वहनांक ०.१२ च्या आगेमागे येतो. अडीच इंच जाडीत फूटभर मातीच्या जवळपासचा रोध मिळतो, आणि तीच दहा बाय बाराची खोली घेतली तर वजन साडेतीनशे-पावणेचारशे किलो. आम्ही गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जो चार इंची कोबा करतो तोच दोन टनांच्या घरात जातो, आणि उष्णतेपुढे त्याचं फारसं चालत नाही.

उरला मजबुतीचा प्रश्न. पोकळ म्हणजे चिरडणारच, हा माझा हट्ट. तो सुटला तो एका अगदी लांबच्या गोष्टीनं. २६ मार्च २०१२ ला जेम्स कॅमेरॉन हा सिनेमावाला एकटा एका पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास अकरा किलोमीटर खोल उतरला. त्या पाणबुडीचा बराचसा देह काचेच्या पोकळ मण्यांच्या आणि राळेच्या फेसाचा होता. तळाशी दाब होता चौरस सेंटिमीटरला सुमारे अकराशे किलो. आमचं एम-२० काँक्रीट दोनशेच्या आसपास फुटतं. गोलाला सगळीकडून सारखा दाब आला की तो कवचभर वाटला जातो, म्हणून तो टिकतो. स्लॅबवर भार एका बाजूनं येतो, तिथं हे जसंच्या तसं लागू नाही, हे मलाही कळतं. हलक्या थरावर टाकी ठेवता येत नाही, त्याचा खांब करता येत नाही. मणी जितके जास्त तितका रोध चांगला आणि ताकद कमी. दोन्ही पोटभर मिळत नाहीत. सेनोस्फिअर घालून जरा दणकट काँक्रीट केलं तर वहनांक ०.३ च्या घरात चढतो. पण भार घ्यायला खाली स्लॅब आहेच की. वरच्या थरानं फक्त ऊन घ्यायचं.

आता जिथं माझं मत बदललेलं नाही तिथं येतो, म्हणजे रंगाच्या डब्याकडे. “सिरॅमिक मणी असलेला उष्णतारोधक रंग”, वर अवकाशयानाचं चित्र, आणि भाव साध्या रंगाच्या कित्येक पट. दोन हात मारून होणारी जाडी म्हणाल तर तिसरा हिस्सा मिलिमीटर. वहनांक अगदी उदार होऊन ०.०६ धरला तरी रोध येतो ०.००५. स्लॅबला हवेत ०.५ च्या वर. म्हणजे तीन सेंटिमीटर जाडीचा रंग फासायचा. गच्ची गार लागते हे खरं, पण ती रंग पांढरा असतो म्हणून. पांढरं ऊन परतवतं, मणी असोत वा नसोत. चांगला घोटलेला चुना हेच काम करतो, फक्त दर वर्षी मारावा लागतो आणि पावसात जातो. अमेरिकेत २०२० मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं रंगाला रोधाचे फुगवलेले आकडे चिकटवणाऱ्या चार कंपन्यांवर खटले भरले होते. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना मी आजही चुनाच सांगतो, आणि तो अडीच इंची थरावरही मारायला सांगतो.

कामाच्या ठिकाणी या मालाचे नखरे पुष्कळ. गवंड्याला सवय पाणी सढळ हातानं घालायची. इथं पाणी जास्त झालं की मणी वर तरंगतात आणि खाली नुसतं सिमेंट बसतं. पर्लाइट मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवलं की त्याचा भुगा होतो, मग तो जडही होतो आणि तापतोही. आमच्या गवंडीमामांनी पहिलं घमेलं उचललं तेव्हा ते एवढ्या जोरात वर आलं की निम्मा माल त्यांच्याच अंगावर. “ह्ये काय साहेब, रिकामं घमेलं देताय व्हय?” आणि मोठी गोष्ट पाण्याची: पर्लाइट पाणी पितं, आणि ओला झालेला थर रोध करत नाही. वर जलरोधक थर चोख नसेल तर सगळा खर्च फुकट. बंद कवचाचे सेनोस्फिअर पाणी धरत नाहीत, पण ते महाग आणि वडुजात दुकानात जाऊन मागावेत असे मिळत नाहीत.

ते येतात कुठून याचाही विचार करावा लागतो. आमच्या महाराष्ट्राची राख कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे आणि सोलापूरजवळच्या फताटेवाडीची. १६ जुलै २०२२ ला कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध खसाळ्याला फुटला आणि राखेचं पाणी शिवारात शिरलं. ती साय ज्या तळ्यावर येते, ते तळं कोणाच्या तरी विहिरीशेजारी असतं. राखेचा वापर बंधनकारक करणारी केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची. त्यानंतर विटा, सिमेंट, रस्ते यांत राख जायला लागली आणि ते बरंच झालं. पण राख कोरडीच उचलली तर ती पाण्यात जात नाही आणि मणीही वर येत नाहीत. मला वाटतं तळी आटलेलीच बरी. आमच्या स्लॅबला पर्लाइटनं भागेल, नाही तर हवेचे बुडबुडे कोंडलेल्या साध्या फेसकाँक्रीटनं.

सध्या मी अंदाजपत्रकात कोब्याच्या खाली हलक्या थराची ओळ वेगळ्या भावानं लिहितो आणि शेजारी दोन्हींचं वजन मांडतो. बहुतेक मालक ती ओळ खोडतात. त्याच पैशात जिन्याला ग्रॅनाइट बसतं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं वर झोपतात ते खोडण्याआधी थांबून विचारतात, पाणी नाही ना मुरणार? त्यावर मी जलरोधकाची किंमत सांगतो, आणि मग त्यातले निम्मे तीही ओळ खोडतात.