एका रस्त्याची विविधता आणि नगरशासनाची शिस्त

स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन हे एडिनबरोच्या पूर्वेस सुमारे २७ किलोमीटरवर, टाइन नदीकाठी वसलेले छोटे नगर. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास. बाराव्या शतकात राजसनद मिळालेल्या या नगराचा मुख्य रस्ता, तेथील हाय स्ट्रीट, मी पाहिला तेव्हा प्रशासकीय सवयीने डोळे एकसारखेपणा शोधू लागले. तो कुठेच नव्हता. एक घर दुमजली, तर शेजारचे तिमजली. कुणाच्या दर्शनी भागात घडीव दगड, कुणाच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर निराळाच रंग. कुठे तांबडी कौले, कुठे पाटीच्या दगडाचे छप्पर. टाउन हाउस ही इमारत विल्यम ॲडम या वास्तुविशारदाची, १७४०च्या दशकातील. तिच्यावरचा निमुळता मनोरा मात्र जेम्स गिलेस्पी ग्रॅहॅम याने १८३१च्या सुमारास चढवलेला.

तरीही हा रस्ता विस्कळीत वाटत नाही. असे का व्हावे?

पहिले कारण जमिनीच्या वाटपात आहे. मध्ययुगीन स्कॉटिश नगरांत रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागे लांबवर गेलेली पट्टी असे भूखंड नागरिकांना दिले जात. घरे जळाली, पडली, पुन्हा उभी राहिली. पण भूखंडांची रुंदी आणि रस्त्याची रेषा बहुतांशी टिकली. प्रत्येक मालकाने आपल्या काळाप्रमाणे व ऐपतीप्रमाणे बांधले, मात्र बांधले ते त्याच रेषेवर. विविधता घरांची आणि शिस्त रेषेची, अशी ही विभागणी आहे.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. स्कॉटलंडच्या राजसनदी नगरांत ‘डीन ऑफ गिल्ड’ नावाचे न्यायासन असे. मूळचा व्यापारी संघाचा हा प्रमुख पुढे बांधकामांचाही नियंता झाला. सामाईक भिंत, हद्द, धोकादायक इमारत यांबाबतचे वाद त्याच्यापुढे येत आणि नवे बांधकाम करण्यापूर्वी शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले जाई. ही न्यायासने १९७५ साली, जुन्या नगर परिषदांबरोबरच, संपुष्टात आली; पण तोवर ‘माझे घर हा शेजाऱ्याचाही विषय आहे’ ही जाणीव तेथील नगरजीवनात पुरती मुरली होती.

या नगरात आपल्याला अस्वस्थ करणारी एक गोष्टही आहे. आज तेथे मध्यभागी दोन समांतर रस्ते दिसतात. मुळात ते एकच मोठे त्रिकोणी बाजारपटांगण होते. कालांतराने त्या मोकळ्या जागेतच घरांची रांग उभी राहिली. आपल्या भाषेत हे सरळसरळ अतिक्रमण! आज तीच रांग जतन केलेल्या वारशाचा भाग आहे. अतिक्रमणे चालू द्यावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण नगराचे वय न पाहता केवळ नकाशा पाहून निर्णय घेऊ नये, एवढा अर्थ निश्चित आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या घरांना अवकळा आली होती. त्या काळी फ्रँक टिंडॉल हे तेथील काउंटीचे नियोजन अधिकारी होते. साठच्या दशकाच्या प्रारंभी मुख्य रस्त्याच्या रंगरंगोटीची एकत्रित योजना राबवली गेली. योजना एक, पण रंग अनेक. प्रत्येक रंग शेजारच्या घराशी जुळेल असा.

हा विचार भारताला परका नाही. स्कॉटलंडचेच पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१८ साली होळकर दरबाराला सादर केलेल्या इंदूरविषयक अहवालासह अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. जुन्या वस्तीतून रुंद रस्ता आरपार नेण्याऐवजी मोजकीच मोडकळीस आलेली घरे काढून उजेड, हवा व मोकळी जागा मिळवावी, हा त्यांचा आग्रह होता.

शंभर वर्षांनंतरही आपल्या टेबलांवर येणाऱ्या सुशोभीकरणाच्या प्रस्तावांत काय असते? एकाच मापाचे फलक, एकच रंग आणि रस्तारुंदीकरणासाठी कापलेले दर्शनी भाग. विकास नियंत्रण नियमावली उंची, सामासिक अंतर व चटईक्षेत्र पाहते. शेजार पाहत नाही. शिवाय ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे ज्या छोट्या नगरांचे जुने बाजाररस्ते आज सर्वाधिक धोक्यात आहेत, तेथे शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलावे असे घटनादत्त व्यासपीठच नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रुंदीकरणाच्या टिपणीवर सही करण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्याने त्या रस्त्याची घरनिहाय नोंदवही करावी: कोणते घर, किती जुने, कशाचे बांधलेले. ती जाहीरपणे लावावी आणि रस्त्यावरच्या रहिवाशांना व दुकानदारांना एकत्र बसवून ऐकावे. रेषा, उंची व सुरक्षितता यांबाबत शासनाने कठोर राहावे; बाकीचे घरमालकावर आणि त्याच्या शेजाऱ्यावर सोपवावे. यात खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागेल. पाडलेला रस्ता पुन्हा उभा करायला लागतो, त्यापेक्षा तो कितीतरी कमी असेल.