बदली

खेळाच्या वादांत आमचें मत घेण्याचा प्रसंग उभ्या हयातींत कोणावर आला नव्हता. तो आला २०१६ सालच्या जूनअखेरीस, कॅनडांतील माँट्रियल शहरीं, आमच्या दहा वर्षांच्या नातवावर. कन्येच्या घरीं आम्ही उभयतां उन्हाळ्यापुरतीं गेलों होतों. २९ तारखेस रात्रीं नातू पाठीवर ७६ हा आंकडा असलेला तांबडा सदरा घालून जेवावयास बसला, तो पानाला हातच लावीना. कोणाच्या कांहीं वाईट बातमीचा फोन आला कीं काय, अशा शंकेनें आम्हीं कन्येकडे पाहिलें. ती म्हणाली, "बाबा, सुबनची बदली झाली."

बदली हा शब्द शिक्षकाच्या परिचयाचा. पण ही बदली निराळी होती. त्या देशांत हॉकी बर्फावर खेळतात. चेंडूच्या जागीं रबराची चकती असते. एका बाजूस सहा गडी: एक गोलरक्षक, दोन बॅक, तीन फॉरवर्ड. बॅकनें आपलें घर सांभाळावें, हा त्या खेळाचा जुना वर्णाश्रमधर्म. तथापि मधूनमधून असा एखादा बॅक निपजतो कीं, त्याचें मन घरांत रमत नाहीं. चकती हातीं लागली कीं तो प्रतिपक्षाच्या मुलखांत घुसतो. बोस्टनच्या बॉबी ऑर यानें १९६९-७० च्या हंगामांत १२० गुण मिळविले, आणि बॅक असूनहि साऱ्या लीगच्या फॉरवर्डांस मागें टाकलें. गोल करणारास एक गुण आणि त्यास साह्य करणारासहि एक, अशी तेथील मोजणी. तेव्हांपासून अशा बॅकची चाह वाढली आणि त्याबरोबर हा प्रश्नहि: धनी मुलूखगिरीस गेल्यावर घर कोणीं राखावें?

पी. के. सुबन हा याच पंथाचा. २०१३ सालीं उत्कृष्ट बॅकला मिळणारें नॉरिस पारितोषिक त्यानें पटकावलें. २०१५ मध्यें शहरांतील मुलांच्या इस्पितळासाठीं सात वर्षांत एक कोटी डॉलर उभे करण्याचें वचन त्यानें दिलें. गांवानें त्याला घरचा मानला होता. पण २०१६ च्या फेब्रुवारींत कोलोरॅडोच्या संघाशीं सामना चालू असतां, पुढें जाण्याच्या भरांत त्याचा तोल गेला, चकती गेली आणि गोल झाला. उरलेला वेळ प्रशिक्षकानें त्याला बाकावर बसविलें, आणि पुढें चारचौघांत दोषहि दिला. आतां त्याला नॅशव्हिलला पाठवून तेथील कप्तान शे वेबर यास आणलें होतें. वेबर वयानें सुमारें चार वर्षांनीं मोठा, मितभाषी, शिस्तीचा. त्याच्या फटक्याचा वेग २०१५ मध्यें ताशीं १०८.५ मैल भरला होता. सुबनला त्याच्या संमतीवांचून हलवितां येऊं नये, असें एक कलम १ जुलैपासून अमलांत यावयाचें होतें. बदली झाली ती दोनच दिवस आधीं.

दुसऱ्या दिवशीं घरांत रीतसर वादसभा भरली. पूर्वपक्ष जांवईबापूंचा. "घर सांभाळणारा माणूस घरांत हवा. वेबर आला, आतां रात्रीं झोंप लागेल." उत्तरपक्ष नातवाचा. "पण चकती तिकडे असली, तर इकडे गोल होईलच कसा?" दहा वर्षांच्या तोंडीं हा तर्क ऐकून आम्हीं मनांत त्याला गुण दिले. शेजारचे एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ आले होते. त्यांनीं दोघांचे आंकडे काढले. सरत्या हंगामांत सुबनचे गुण ५१, वेबरचेहि ५१! वेबरचे गोल वीस आणि सुबनचे सहाच, हें जांवईबापूंनीं बोट ठेवून दाखविलें. वेबर दहा सामने अधिक खेळला, हें नातवानें दाखविलें. वृद्ध गृहस्थ हंसून म्हणाले, "याची चूक सर्वांना दिसते. चकती तिकडे राहिली म्हणून जो गोल झालाच नाहीं, तो कोणाला दिसणार?"

मग नातवानें आम्हांस पंच केलें. आम्हीं क्षणाचाहि विलंब न लावतां निकाल दिला: वेबर. तीस-बत्तीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसाकडून दुसरा निकाल कसा यावा? नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तुमच्या वर्गांत असा मुलगा असता तर तुम्ही त्याला दुसरीकडे पाठवलं असतंत?"

"नाहीं," आम्ही म्हणालों.

तें उत्तर खोटें होतें. असा मुलगा आमच्या वर्गांत होता. प्रश्न पुरा होण्याआधीं त्याचें उत्तर तयार असे. एखादा समास आम्हीं बहुव्रीहि म्हणून सोडवावा, तर यानें उठून तत्पुरुष कां नव्हे असें विचारावें. आणि कित्येकदां त्याचें म्हणणें टिकेहि. बाकीचीं मुलें चुळबुळ करीत आणि आमचा पाठ मागें पडे. शेवटीं वरिष्ठांशीं बोलून आम्हीं त्याला ब तुकडींत घातलें. त्याच्या बदल्यांत आलेला मुलगा सुशील होता. वर्ग शांत झाला, निकालहि चांगला लागला. ब तुकडीला संस्कृत नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें. वर्षभरानें व्हरांड्यांत तो भेटला. नमस्कार करून त्यानें विचारलें, "मास्तर, आतां कोणता सर्ग चाललाय?" आम्हीं सांगितलें. त्यानें मान हलविली आणि तो निघून गेला.

पुढें २०१७ मध्यें नॅशव्हिल प्रथमच अंतिम फेरींत पोंचलें. सुबन त्या संघांत होता. नातवाचा विजयी फोन आला. तथापि पिट्सबर्गनें त्यांस ४–२ असें हरविलें. २०२१ मध्यें माँट्रियलचा संघ १९९३ नंतर प्रथमच अंतिम फेरींत गेला. वेबर कप्तान होता. या खेपेस फोन जांवईबापूंचा. टँपा बेनें ४–१ असें हरविलें. त्यानंतर दुखापतींनीं वेबर पुन्हां खेळला नाहीं. सुबननें २०२२ मध्यें निवृत्ति पत्करली. कप कोणालाच मिळाला नाहीं. आठ वर्षांत पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पुष्कळ झाले. सिद्धांत कांहीं निघाला नाहीं.

२०२३ च्या जानेवारींत माँट्रियलच्या संघानें सुबनला बोलावून सामन्याआधीं त्याचा सत्कार केला. सारें प्रेक्षागार उभें राहिलें. नातू आतां सतरा वर्षांचा झाला होता. त्यानें फोनवर सर्व सांगितलें आणि शेवटीं म्हणाला, "आजोबा, त्याला परत बोलावलं."

त्या रात्रीं आम्हीं पूर्वीं दिलेलें उत्तर दुरुस्त केलें. समास, ब तुकडी, व्हरांडा, सर्व कांहीं सांगितलें. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आमच्यापाशीं नाहीं, हेंहि सांगितलें. नातू बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "आजोबा, त्याचा नंबर काय होता?"

हजेरीपटांतील तें पान आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

"सत्तावीस," आम्ही म्हणालों.