सांधा बदलताना...

आमच्या नवापूरचं स्टेशन बघायला बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम थांबतात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये! मला मात्र जास्त नवल वाटतं ते रुळांच्या सांध्याचं. सुरत-भुसावळ लाइनवरची अख्खी गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, आणि त्यासाठी हलतं किती? सांध्याचं ते निमुळतं पातं, जेमतेम चार-साडेचार इंच. इंजिन तेच, डबे तेच, प्रवासीही तेच.

श्रद्धेचंही असंच असावं, असं मला अलीकडे वाटू लागलंय.

आमच्या तालुक्यात मावची बोलणारी कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आमचंही त्यातलंच. घरात मावची, गावात मराठी, बाजारात गुजराती आणि कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिश! प्रभूची प्रार्थना मी शिकले ती शाळेत, इंग्लिशमधून. रोज असेंब्लीत म्हटल्यामुळे इतकी पाठ, की झोपेतही म्हणेन. सेकंड इयरला आजी आजारी असल्याचा फोन आला. त्या रात्री हॉस्टेलवर प्रार्थनेला बसले. शब्द सगळे आले, पण त्यात आजी कुठेच नव्हती. देव आहे की नाही, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा मनात आला आणि मी घाबरले.

मग एवढंच केलं, तीच प्रार्थना मावचीत म्हणून बघितली. पाठ नव्हती, त्यामुळे प्रत्येक वाक्याला थांबून शब्द शोधावा लागला. रोजच्या भाकरीशी आले तेव्हा आजीची चूल डोळ्यांसमोर आली. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना, वीस मिनिटं लागली!

यात मी काही नवीन शोध लावलेला नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर गायली जात. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन आणलं. प्रभू तोच, शुभवर्तमान तेच. बदललं ते गाण्याचं वळण. आज शंभर वर्षांनंतरही 'उपासना संगीत' उघडलं की त्यांची गीतं भेटतात.

दुसरा बदल जागेचा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्यावं. आता तुम्हीच सांगा, हॉस्टेलच्या रूमचं दार कधी लागतं का? कोणी ड्राफ्टर मागायला येतं, कोणी असाइनमेंट! म्हणून मी मेस उघडायच्या आधीची दहा मिनिटं निवडली. टेरेसवर पाण्याच्या टाकीमागे कोणी नसतं. तेच माझं दार. शेजारच्या कॉटवरची मैत्रीण सकाळी अथर्वशीर्ष म्हणते. आता आम्ही दोघी एकमेकींना उठवतो.

तिसरा बदल अगदीच छोटा. 'सर्वांचं भलं कर' ऐवजी रोज एकच नाव घ्यायचं. कधी आजी, कधी मेसच्या मावशी, कधी व्हायव्हा घेणारे सर! ज्याचं नाव सकाळी घेतलं, त्याच्यावर दिवसभर चिडणं जरा अवघड जातं. करून बघा.

आजी आता काठी टेकत अंगणात फिरते. ती डॉक्टरांची मेहनत आणि देवाची कृपा. माझ्या मावचीचं श्रेय नाही. एम-थ्रीचा पेपरही त्यामुळे सोपा गेला नाही. 'देव आहे का' हा प्रश्नसुद्धा पूर्ण सुटलाय असं नाही. पण पूर्वी तो मी एकटीच उशीत डोकं खुपसून विचारायचे, आता त्यालाच विचारते.

तेव्हा दोस्तहो, तुमचा धर्म कुठलाही असो, मन कोरडं पडलंय असं वाटलं तर एकदम सगळं सोडू नका आणि मोठमोठे संकल्पही करू नका. चार इंच सरका. बाकीचा प्रवास गाडी करते.