भारी मशीन

भाच्याला मेटल डिटेक्टर बदलायचा आहे. हातातलं मशीन दहा-बारा हजारांचं, मनातलं लाखाच्या घरातलं. मधला फरक मामाने उसना द्यायचा, असा बेत. ‘मामा, जुन्याला नुसते खिळेच सापडतात,’ हे त्याचं पहिलं कारण. नवं मशीन खिळे सोडून देतं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. म्हणून वही काढून बसलो.

*

मशीनचं काम तसं साधं. खालच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याच्या टप्प्यात धातू आला की धातूत भोवरी प्रवाह फिरतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र पुन्हा तबकडीला जाणवतं. चांदी-तांब्याचा प्रतिसाद आणि लोखंडाचा प्रतिसाद यांच्या वेळेत फरक पडतो. तो फरक ओळखून लोखंडाला गप्प बसवायचं, याला दुकानदार ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. भारी मशीनच्या किमतीतला मोठा वाटा याचा. म्हणजे लाख रुपये जास्त ऐकण्यासाठी जातात तितकेच, किंबहुना थोडे अधिक, न ऐकण्यासाठी जातात.

*

खोलीबद्दल भाच्याचा समज असा, की दसपट किंमत म्हणजे दसपट खोल. नाण्याएवढ्या वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट झाली की आवाज चौसष्टपट क्षीण. त्यामुळे साधं मशीन वीतभर खोलीवरचं नाणं दाखवत असेल, तर भारी मशीन त्याहून चार-सहा बोटं खाली जाईल. हंडा-घागर असेल तर ती आणखी खालूनही बोलेल, पण त्यासाठी हंडा तिथे असावा लागतो.

*

एक गोष्ट मात्र नव्या मशीनच्या बाजूने लिहून ठेवली पाहिजे. आपली जमीनच बडबडी आहे. दख्खनच्या बेसाल्टात मॅग्नेटाइट असतं, आणि काळी माती त्याच खडकाची लेक. बालाघाटाच्या माळावर स्वस्त मशीन रिकाम्या जागीही कुरकुरत राहतं. चांगलं मशीन आधी जमिनीचा आवाज वजा करून घेतं, मग धातू ऐकतं. एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारी नवी मशीनं यात खरोखरच सरस आहेत. परदेशी कोरड्या वाळूवर फिरणाऱ्याला याची कदाचित तितकी गरज नसेल. आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड रानात आहे.

*

मशीन फिरवायचं कुठे, तर गावच्या पांढरीत. मराठवाड्यात गावाची जमीन दोन रंगांची: काळी पिकवायची, पांढरी राहायची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती साचून पांढरीचं टेकाड होतं. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक तिथलीच माती नेत, आणि मातीबरोबर कधी मणी, कधी खापरं, कधी एखादा पैसा घरी येई. चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा हाली रुपया अजून कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात दिसतो. तेव्हा पांढरीत काहीच नाही, असं भाच्याला सांगणं खोटं ठरेल.

पण तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचं उदाहरण मी त्याला देतो. गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. त्यांनी वस्तू गावातच राखल्या. शिवाय खोलीचा थर हरवलेलं नाणं म्हणजे फक्त धातूचा तुकडा. मशीनने आवाज दिल्यावर माणूस जो खड्डा करतो, त्यात पहिल्यांदा थरच मरतो.

*

कायदा बघितला. इंग्रजांनी १८७८ साली केलेला गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मूळ मालक निघाला नाही, आणि धन शंभर वर्षांहून जुनं ठरलं, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ते घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत तुरुंग.

१८७८ मध्ये दहा रुपये ही रक्कम होती. आज मशीनचे सेल त्याहून महाग पडतात.

*

त्यावर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं. देशाबाहेर नेता येत नाही, त्याचा धंदा करायचा तर परवाना हवा. संरक्षित वास्तूच्या आवारात परवानगीशिवाय कुदळ लावणं हा वेगळा गुन्हा. ब्रिटनमध्ये हाच छंद उघडपणे चालतो, कारण तिथे १९९६ च्या कायद्याने कळवणाऱ्याला बक्षीस मिळण्याची वाट करून दिली आहे. भाचा व्हिडिओ बघतो तिकडचे आणि राहतो केज तालुक्यात.

*

भारी किमतीला स्वतःचा एक दरारा असतो. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने एडीई ६५१ नावाचं ‘बॉम्बशोधक’ यंत्र इराकला विकलं. मुठीला फिरती अँटेना, आत कामाचं काही नाही. मूळ माल म्हणजे हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याचं एक गमतीचं खेळणं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत होते. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. स्वस्तात विकलं असतं तर कुणी शंका घेतली असती.

‘लाँग रेंज’ म्हणून जी मशीनं विकतात, शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी, तीही याच घराण्यातली. भाच्याच्या यादीत त्यातलं एक होतं. ते आजच खोडलं.

*

अँटेना फिरते ती मनगटाच्या नकळत झुकण्याने. हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. नारळ, कडुलिंबाची दुबेळकी, तांब्याच्या काड्या, सगळ्यांची तीच तऱ्हा. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या बोलावणं ही बीडमध्ये रीतच. बेसाल्टात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. एक बोअर लागतं, दहा फुटांवरचं दुसरं धूळ उडवतं. अशा अनिश्चित जागी जो ठाम बोलतो त्याला गिऱ्हाईक मिळतं. विद्युतरोध मोजणारं यंत्र जमिनीचे थर सांगतं, तेही अंदाजानेच. ते यंत्र ‘नक्की’ हा शब्द वापरत नाही, म्हणून मागे पडतं.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत यांचा शोध एकाच कलमात आला आहे. त्या शोधाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार तिथे गुन्हा ठरवले आहेत. ज्याने मसुदा केला त्याला दुष्काळी भाग माहीत असावा.

*

बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या अखेरीची, निजामशाही काळातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि आपल्या वजनाने शेतापर्यंत जातं. बांधणाऱ्यांनी उतार वाचला होता. ते काम पाणाड्याच्या काडीचं नव्हतं.

*

ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला धातू शोधणारंच यंत्र आणलं होतं. यंत्र चालत होतं. पण बिछान्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरने गोळी उजवीकडेच आहे असं ठरवून तेवढीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. बेलजवळ आणखी भारी यंत्र असतं तरी त्यानेही उजवीच बाजू ऐकली असती.

*

आता आमच्या गोठ्याचं. भाच्याचं कडबा कुट्टीचं मशीन आहे. गावातले चार जण त्याच्याकडे कुट्टी करून नेतात. कडब्यात बांधणीची तार, तुटका खिळा, कधी जळक्या टायरची तार येते. शेळी ओठांनी निवडून खाते. गाय-म्हैस जिभेने कवळ ओढते आणि गिळून मोकळी होते. तार दुसऱ्या, जाळीदार पोटात अडकते. पोट आकुंचन पावताना ती पुढे सरकते, आणि पुढे पडद्यापलीकडे हृदय असतं. जनावर खाणं सोडतं, पाठ कमानीसारखी धरतं, कोपरं बाहेर टाकून उभं राहतं, उतार उतरायला कचरतं. गळ्याखालच्या पोळीला सूज आली तर बहुतेक उशीर झालेला असतो. मग परभणीचं किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, एक्स-रे, आणि नशीब असेल तर पोट उघडून तार काढणं.

जनावरांचे डॉक्टर इथेही मेटल डिटेक्टर लावतात. छातीशी धरला की वाजतो. पण बऱ्याच धडधाकट गाईंच्या पोटातही थोडं लोखंड असतंच, म्हणून नुसत्या वाजण्याने काही ठरत नाही. डॉक्टर हात फिरवतात, गाय कण्हते का ते ऐकतात, मग बोलतात.

*

हिशोब असा जमतो. भारी मशीनची मोठी हुशारी लोखंड न ऐकण्यात आहे. पांढरीत ती हुशारी कामाची, पण तिथे खणायची सोय नाही. गोठ्यात आणि कुट्टीवर खणायचं नाही, फक्त ऐकायचं आहे. आणि ऐकायचं आहे ते लोखंडच. भाचा ज्या दोषासाठी जुनं मशीन टाकून द्यायला निघालाय, तोच दोष तिथे गुण ठरतो.

*

उसने पैसे दिले नाहीत. त्याऐवजी कुट्टीच्या तोंडाशी बसवायला जाड लोहचुंबकाची पट्टी आणि गोठ्यातल्या जनावरांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गिळवायचे चुंबक आणून दिले. गिळवलेला चुंबक त्या जाळीदार पोटातच बसतो आणि येणारी तार धरून ठेवतो. जुनं मशीन कडब्याच्या पेंढीवरून आधी फिरवायचं, असं ठरलं. भाचा नाराज आहे. ‘मामा, तुम्ही मला खिळ्यांवरच ठेवलं,’ म्हणाला. पहिल्याच दिवशी पट्टीला चिकटलेल्या तारा मात्र त्याने स्वतः मोजून मला फोनवर सांगितल्या, आणि पेंढीमागे दोन रुपये जास्त घ्यावेत का, असंही विचारलं. घ्यावेत, म्हटलं.