वायर कुठं जाती?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं. बार्शीलाही झालं असतं, पण ‘मी इथं आहे तर इथंच करू’ असा हट्ट माझा. आई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी लातूरला होती. त्यामुळे पंधरा दिवस फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. दवाखान्याच्या कागदावर थेंबांचं वेळापत्रक लिहून दिलं होतं: एक औषध दिवसातून सहा वेळा, दुसरं चार वेळा, दोन्हींमध्ये दहा मिनिटांचं अंतर. अण्णांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून थेंब मीच घालायचे. त्यासाठी ऑफिसातून पंधरा दिवस घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर मान मोडून घ्यायला नको म्हणून सत्तावीस इंची मॉनिटर विकत आणला.

मॉनिटर टेबलावर ठेवला, एचडीएमआयची केबल लावली. पडद्यावर दोन शब्द आले: ‘नो सिग्नल’.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी दुसरं काही वापरलेलं नाही आणि हे मी गरजेपेक्षा जास्त लोकांना सांगितलेलं आहे. ऑफिसात कुणाचं मशीन अडलं की लोक माझ्याकडे येतात. त्यामुळे ‘नो सिग्नल’ दिसल्यावर मला काळजी वाटली नाही, उलट हुरूपच आला. अर्ध्या तासाचं काम, असं मनाशी म्हटलं.

इथं अण्णांबद्दल सांगायला हवं. बार्शीत त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं हाताखाली राहून शिकलेलं. गिऱ्हाईक ‘टीव्ही बंद पडलाय’ म्हणत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आवाज येतो का?’ आवाज येत असेल आणि चित्र नसेल, तर निम्मा सेट तपासायची गरजच नाही. सप्लाय येतोय, ट्यूनर चालतोय, बिघाड पुढं कुठंतरी आहे. आवाजही नसेल तर आधी सप्लाय. मग ते मागचं झाकण उघडायचे आणि सोल्डरिंग गनला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते बघत बसायचे. पुढं चपटे टीव्ही आले. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, अख्खा बोर्डच बदलायचा. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांनी दुकान बंद केलं.

पहिल्या रात्री ते काळा चष्मा लावून कॉटवर पडले होते. माझ्या तोंडून दोन-तीनदा ‘च्यायला’ ऐकून त्यांनी विचारलं, ‘काय झालं रे?’

‘मॉनिटर लागत नाहीये.’

‘केबल बदलून बघितलीस?’

‘बघितली. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर हाच मॉनिटर, हीच केबल चालतीय.’

‘मग तुझ्या लॅपटॉपात ती वायर आत कुठं जाती?’

‘अण्णा, हे वायरचं काम नाहीये. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे. सॉफ्टवेअर असतं ते.’

ते गप्प बसले. मी ज्या सुरात हे बोललो तो मला ओळखीचा होता. डिग्रीच्या तिसऱ्या वर्षापासून घरी गेलो की तो आपोआप लागायचा. त्यात उद्धटपणा नव्हता, पण ‘हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही’ एवढं बरोबर पोचायचं.

दुसऱ्या रात्री मी तेच केलं जे मी ऑफिसातल्या ज्युनिअर पोरांना करू नका म्हणून सांगतो. मिळेल तिथून कमांड उचलायची, चिकटवायची, एंटर मारायचा. कर्नलला वेगवेगळे पॅरामीटर देऊन पाहिले. एक्सऑर्गची कॉन्फिगरेशन फाइल हातानं लिहिली. रीबूट केल्यावर लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही काळा. कंट्रोल-आल्ट-एफ-थ्री दाबून नुसत्या अक्षरांच्या कन्सोलमध्ये शिरलो, ती फाइल काढून टाकली, पुन्हा रीबूट. पुन्हा ‘नो सिग्नल’. घड्याळात साडेबारा वाजले होते.

तेव्हा लक्षात आलं की दहाचा थेंब राहिलाय.

आत गेलो. अण्णा जागे होते. ‘दहाचा राहिला का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘हाक का नाही मारली?’

‘तू कामात होतास. दुकानात सेट उघडलेला असताना कुणी मधेच बोललं की माझं डोकं फिरायचं. घाल आता.’

थेंब घालताना माझाच हात थरथरत होता. हा मॉनिटर मी कशासाठी आणला होता? त्यांच्याजवळ राहून काम करता यावं म्हणून.

सकाळी दवाखान्यात फोन केला. एखादा थेंब चुकला तर घाबरू नका, पुढचं वेळापत्रक तसंच चालू ठेवा, असं सांगितलं. फोनवर प्रत्येक थेंबाचा गजर लावला आणि लॅपटॉपसमोर बसलो. एकही कमांड चिकटवायची नाही, असं ठरवून. मग अण्णांचाच प्रश्न घेतला: ही वायर आत कुठं जाते?

माझ्या लॅपटॉपात दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरमधलीच इंटेलची, कमी वीज खाणारी. दुसरी एनव्हिडियाची, ताकदवान आणि तितकीच खादाड. ही रचना एनव्हिडियानं २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावानं आणली. जड काम मोठ्या चिपनं करायचं, तयार चित्र छोटीच्या मेमरीत उतरवायचं आणि पडद्यावर छोटीनं दाखवायचं. लिनक्सवर हे नीट चालायला अनेक वर्षं लागली. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीनं याच ऑप्टिमसच्या त्रासाबद्दल विचारलं, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून एनव्हिडियाला शिवी हासडली. तो व्हिडिओ आम्ही हॉस्टेलवर टाळ्या वाजवत पाहिलेला. त्याआधी हौशी मंडळींनी ‘बम्बलबी’ नावाचा स्वतःचा तोडगा काढला होता. त्याच्या इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टमध्ये २०११ मध्ये एका ठिकाणी एक स्पेस जास्त पडली आणि एक फोल्डर पुसायच्या ऐवजी ती अख्खं ‘यूएसआर’ फोल्डर, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टिम पुसू लागली. हा किस्सा मी ज्युनिअरना सांगतो. कमांड वाचल्याशिवाय चालवू नका, हे त्याचं तात्पर्य.

हे सगळं मला माहीत होतं. पण एक साधी गोष्ट मी पाहिली नव्हती. अशा कितीतरी लॅपटॉपमध्ये स्वतःचा पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो आणि बाजूचं एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला. हे कारखान्यात बोर्डावर तांब्यानं ठरलेलं असतं. कुठलीही कमांड ते बदलू शकत नाही.

लिनक्समध्ये ‘सिस’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक ग्राफिक्स चिपला कोणते पडदे जोडता येतात त्याची यादी असते. ती उघडली. यादीत एकच चिप होती आणि तिच्याखाली फक्त लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. एचडीएमआयचं नावच नाही. म्हणजे दोन दिवस मी ज्या पोर्टवर सिग्नल शोधत होतो, ते पोर्ट माझ्या सिस्टिमच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं.

मग ‘प्राइम-सिलेक्ट’ला विचारलं की सध्या कोणती चिप निवडलेली आहे. उत्तर एका शब्दात आलं: इंटेल.

आणि आठवलं. जानेवारीत बार्शीला गेलो होतो. दिवसा लाइट जायची, बॅटरी पुरायची नाही, वर पंख्याचा आवाज. तेव्हा अण्णांच्याच घरात, त्यांच्याच समोर बसून मी एका कमांडनं एनव्हिडियाची चिप पूर्ण बंद करून टाकली होती. बॅटरी जास्त वेळ टिकली, पंखा शांत झाला आणि मी ते विसरून गेलो. बिघाड कशातच नव्हता. ज्या चिपला वायर जोडलेली होती ती मीच बंद केली होती.

एक कमांड, एक रीबूट. मॉनिटर लागला.

नवाचा गजर झाला. थेंब घातला आणि अण्णांना सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. दोन चिप, तांब्याचा रस्ता, जानेवारी, बॅटरी. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

‘म्हणजे सप्लायच नव्हता,’ ते म्हणाले.

‘हो. सप्लायच नव्हता. तुम्ही पहिल्याच रात्री विचारलं होतंत.’

‘मला काय माहीत आत काय असतंय. मी आपलं विचारलं.’

त्यांना बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांना तशी गरज दिसली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ‘उघडता येतं का ते?’

लॅपटॉप बंद केला, मागचे स्क्रू काढले, झाकण उचकटलं. अण्णांना खाली वाकायला मनाई होती, म्हणून मी तो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि उजव्या डोळ्यानं बराच वेळ नुसतं पाहिलं. मग हात न लावता एचडीएमआयच्या पोर्टपासून बोट हवेतच पुढं सरकवत नेलं आणि पंख्याजवळच्या तांब्याच्या नळ्यांपाशी थांबले.

‘इथनं पुढं दिसत नाही.’

‘त्या नळ्यांखालीच ती चिप आहे.’

‘केवढीशी असती?’

मी बोटांनी माप दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘धर अजून जरा.’ मी धरून उभा राहिलो.