गेम लावला की पीसी बंद

तक्रार बहुतेकदा एवढीच येते : "गेम लावला की बंद पडतो." बंद कसा पडतो हे कुणी सांगत नाही, आणि उत्तर त्यातच असतं. गेम नाहीसा होऊन डेस्कटॉप दिसला, तर आधी गेमच्या फायली आणि ड्रायव्हर तपासायचे. निळा स्क्रीन आला तर विंडोजने बहुधा काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. चित्र गोठून आवाज घरघरत राहिला तर ग्राफिक्स कार्ड किंवा रॅमचा संशय. आणि खटकन काळोख होऊन मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं, तर सुरुवात वीजपुरवठ्यापासून.

*

किती वेळाने पडतो, हेही विचारावं. वीस मिनिटांनी पडत असेल तर उष्णतेचा विचार करता येतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर करायलाच हवा. पहिल्या काही सेकंदांतच पडत असेल तर धूळ झाडून फारसा उपयोग होत नाही. प्रोसेसरवरचा कूलर नीट बसलेलाच नसेल तर मात्र पारा सेकंदांत शंभराजवळ जातो.

*

गेम उघडतो त्या मिनिटभरात काय काय होतं? इतका वेळ जेमतेम काही वॅट घेणारं ग्राफिक्स कार्ड एकदम दोनशे-तीनशे वॅट मागू लागतं. प्रोसेसरचे सगळे कोअर शेडर, म्हणजे कार्डावर चित्र रेखाटणारे छोटे प्रोग्रॅम, तयार करायला जुंपले जातात. डिस्कवरच्या गिगाबाइटच्या गिगाबाइट दाबलेल्या फायली उलगडून रॅममध्ये येतात. अँटी-चीट असेल तर ते बहुधा विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर चढवतं. ब्राउझर आणि एक्सेल चालवताना यातलं काहीच घडत नाही. त्यामुळे "बाकी सगळं छान चालतं, म्हणजे मशीन ठीक आहे" हा निष्कर्ष टिकत नाही.

*

इव्हेंट व्ह्यूअर उघडला की लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते, आणि 'पॉवर' वाचून लोक नवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणायला निघतात. ती नोंद फक्त इतकंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण तिच्यात नसतं. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' बघायचा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायची संधीच मिळालेली नाही : वीज तुटली किंवा मशीन पार गोठलं. शून्य नसेल तर विंडोजच्या फोल्डरातल्या 'मिनीडम्प'मध्ये फाइल शोधायची.

'४१०१' दिसला तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरला. ग्राफिक्स कार्डाच्या उत्तरासाठी विंडोज मुळात दोन सेकंदच थांबते; व्हिस्टापासूनची ही सोय आहे. आणि 'व्हीया-लॉगर' दिसला तर तो गांभीर्याने घ्यावा. तिथे चूक हार्डवेअरनेच कळवलेली असते.

या याद्यांची भीती वाटत असेल तर 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडावा. दिवसवार तक्ता असतो, कोणत्या तारखेपासून बिघडलं ते एका नजरेत कळतं. त्या तारखेच्या आदल्या दिवशी काय बदललं, हा पुढचा प्रश्न.

*

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं प्रकरण प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने पाठ करून ठेवावं असं आहे. अनरिअल इंजिनवरचे गेम उघडताना, शेडर तयार होत असताना बंद पडत, आणि संदेश येई : 'व्हिडिओ मेमरी संपली'. ग्राफिक्स कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असताना. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकले, गेम कंपन्यांना दूषणं दिली.

दोष प्रोसेसरमध्ये होता. फायली उलगडण्याचं ऊडल हे तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने हे हार्डवेअरचं काम असल्याचं लिहिलं. त्यांच्या कोडमध्ये उलगडलेला मजकूर सतत तपासला जातो, म्हणून प्रोसेसरची चूक तिथे पहिल्यांदा उघडी पडे. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेही हा संदेश दिसणाऱ्या या प्रोसेसरवाल्यांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले, बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षांची झाली.

सुधारणा बायोसमधून येते आणि पुढची झीज रोखते. झालेली झीज भरून येत नाही. तेव्हा १३९००के किंवा १४९००के असलेलं मशीन समोर आलं, की बायोसची तारीख आधी पाहायची. बायोस नवा असूनही गेम पडतच असतील तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यायचा. संकोच करायचा नाही.

*

"मेन्यूवरच पडतो, गेम सुरूही होत नाही." हेही खरं असू शकतं. मेन्यूत रेखाटायला फारसं काही नसतं, म्हणून मर्यादा घातली नसेल तर कार्ड सेकंदाला शेकडो, कधी हजारांवर फ्रेम काढत सुटतं आणि तापतं. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या मेन्यूत हे झालं. ब्लिझर्डने सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी घालायला सांगितलं. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटात ईव्हीजीएची काही आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची गेली. अ‍ॅमेझॉनने मेन्यूला मर्यादा घातली; ईव्हीजीएने नंतर सोल्डरिंगचा दोष असल्याचं सांगून कार्डं बदलून दिली. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा लावून बघायला पैसे लागत नाहीत.

*

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेलं असतं. वाचायची ती बाजूच्या लेबलवरची १२ व्होल्टची ओळ. तिथे १८ अँपिअर असतील तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून २१६ वॅट, बस. शिवाय आधुनिक कार्डं क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी सोसण्याची अट आली. जुना, पण चांगला एसएमपीएससुद्धा अशा उसळीला घाबरून स्वतःला बंद करू शकतो. कार्डाला दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबल जोडाव्यात, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.

*

भाच्याच्या पीसीत कुठेच काही सापडेना. गेम संध्याकाळीच पडायचा. संध्याकाळी गल्लीतलं व्होल्टेज उतरतं, यूपीएस बॅटरीवर जातो, आणि आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस खरा पेलतो साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना मागणी त्याच्या वर. मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलं आणि गेम चालला. अर्थिंग तेवढं तपासून घेतलं.

*

रॅमच्या खोक्यावरचा वेग हा बहुधा एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्यावरचा, म्हणजे ओव्हरक्लॉकच. तो बंद करून गेम लावून पाहावा. मग रात्रभर मेमटेस्ट.

*

ओव्हरले : डिस्कॉर्ड, आफ्टरबर्नर, रेकॉर्डिंगवाले. सगळे बंद. पेजफाइल बंद केलेली असेल तर पुन्हा चालू. स्टीममधून फायलींची तपासणी.

अँटी-चीट : २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर जुन्या ईझी अँटी-चीटमुळे काही मशीनना निळा स्क्रीन येत होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने त्यांना ते अपडेट देणंच थांबवलं होतं. तिथे मशीनचा काही दोष नव्हता.

*

"विंडोज मारून घ्या." दुकानातला हा पहिला सल्ला मला मनापासून खटकतो. फॉरमॅटबरोबर मिनीडम्प जातात, नोंदी जातात, तक्ता जातो. दोष एसएमपीएसमध्ये असेल तर तो तसाच राहतो आणि पोराचे फोटो मात्र जातात.

घरचे म्हणतात, गेममुळे कॉम्प्युटर बिघडला. मुलगा गप्प बसतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं की बिघाड बहुधा आधीपासूनच होता, आणि तो दाखवायला गेम निमित्त झाला.

*

दुकानात नेण्याआधी : मिनीडम्प पेनड्राइव्हवर. मशीन पडलं त्या वेळा कागदावर. बायोसची आवृत्ती, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो केल्याबरोबर लिहून ठेवायचा.